इलेक्ट्रोफोरेसिस : जीभ कुठे अडखळते?

विदर्भात ‘सिकलसेल’ हा शब्द आता घरातला झाला आहे. पण रक्ताच्या पहिल्या चाचणीत शंका आली की चिठ्ठीवर पुढचे नाव येते, ‘हिमोग्लोबिन इलेक्ट्रोफोरेसिस’, आणि वाचणारा तिथेच थांबतो.

अडचण लांबीची नाही. ‘महानगरपालिका’ बोलताना म-हा-न-गर-पा-लि-का असे सात अवयव होतात, ‘इलेक्ट्रोफोरेसिस’चे सहाच. फरक इतकाच, की महानगरपालिकेचे सांधे आपल्याला लहानपणापासून ठाऊक असतात.

शिवाय लेखन फसवते. कागदावर ‘क्ट्रो’ हे एकच जोडाक्षर दिसते आणि तिथेच जीभ अडखळते. बोलताना मात्र त्यातला ‘क्’ मागच्या अक्षराला जाऊन मिळतो : इ-लेक्-ट्रो-फो-रे-सिस. ‘पुस्तक’ आपण असेच पुस्-तक म्हणतो. वृत्तांच्या मात्रा मोजताना जोडाक्षराआधीचे ऱ्हस्व अक्षर गुरू धरतात, ते याचमुळे. सरावाला शेवटाकडून सुरुवात करावी : सिस, रेसिस, फोरेसिस, मग पूर्ण शब्द. इंग्रजीत मुख्य आघात ‘री’वर देऊन ‘फोरीसिस’ म्हणतात. मराठीत असा एकाच अवयवावर जोर देण्याची रीत नाही. इथले ‘फोरेसिस’ अजिबात चुकीचे नाही.

मुख्य सांधा ‘इलेक्ट्रो’नंतर आहे. पुढचा ‘फोरेसिस’ ग्रीक, अर्थ वाहून नेणे. तपासणीतही तेच घडते. रक्तातले हिमोग्लोबिन पट्टीवर ठेवून वीज सोडतात. नेहमीचे ‘ए’ हिमोग्लोबिन धन टोकाकडे पुढे सरकते. सिकलचे ‘एस’ मागे राहते, कारण त्यातल्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन बसल्याने ऋण भार घटतो. लायनस पॉलिंग आणि सहकाऱ्यांनी भारातला हा फरक १९४९ मध्ये इलेक्ट्रोफोरेसिसनेच दाखवला.

वर्धा जिल्ह्यात सेवाग्रामला १९६९ मध्ये महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था सुरू झाली. तिथली विद्यार्थ्यांची प्रत्येक तुकडी एक गाव दत्तक घेते, घरोघर जाते. अशा भावी डॉक्टरांना शब्द उच्चारता येणे पुरत नाही; तो घरच्यांसमोर उलगडावा लागतो. ‘ए’ आणि ‘एस’ असे दोन पट्टे उमटले, तर माणूस बहुधा वाहक असतो आणि त्याला सहसा त्रास नसतो. पण पती-पत्नी दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गर्भारपणात बाळाला सिकलसेलचा आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. म्हणून हा अहवाल लग्न ठरण्याआधीच हाती असलेला बरा.