विद्यार्थिनी आणि शिक्षिका : चेल्टनहॅममधील पंडिता रमाबाई

इंग्लंडमध्ये चेल्टनहॅम नावाचे एक गाव आहे. तेथील ‘लेडीज कॉलेज’ नावाने कॉलेज असले, तरी ती मुख्यतः मुलींची शाळा. या शाळेत १८८५ साली सत्तावीस वर्षांची एक मराठी विधवा राहत होती. दिवसाचा काही भाग ती विद्यार्थिनी म्हणून गणित, सृष्टिविज्ञान, इंग्रजी वाङ्मय आणि ग्रीक भाषा शिकत असे. आणि त्याच वास्तूत ती संस्कृतची शिक्षिकाही होती. तिचा वेष हिंदी होता आणि आहारही हिंदी होता. मांस, मासे आणि अंडी ती शिवत नसे. अंडे घातलेले पुडिंग समोर आले तर तेही ती बाजूला सारी.

या बाजूला सारलेल्या पुडिंगवरून एक मोठा वाद उभा राहिला. ज्या जोगिणींनी तिला इंग्लंडमध्ये आसरा दिला होता, त्यांतील तिच्या धर्ममातेला वाटले, की बाप्तिस्मा घेऊन दोन वर्षे लोटली तरी या बाईचा जातीचा ताठा काही गेला नाही. त्यावर या विद्यार्थिनीने जे उत्तर लिहिले, त्यात खेद आहे, विनोद आहे आणि धारही आहे. माझा गर्व तुम्हांला दूधलोण्यात, बूटमोज्यांत आणि थंडीमुळे मी जाळते त्या कोळशातही शोधता येईल, असे ती म्हणते. आणि मग विचारते, की एखादी इंग्रज स्त्री आमच्या देशात येऊन राहिली आणि तिने आपल्या चालीरीती सोडल्या नाहीत, तर तिला कोणी गर्विष्ठ म्हणेल काय?

ही स्त्री म्हणजे पंडिता रमाबाई. त्यांच्या चरित्रातील शारदा सदन आणि केडगावचे मुक्ति मिशन हे भाग बहुतेकांना ठाऊक असतात. परंतु त्या दोन्ही संस्थांची बीजे ज्या काळात रुजली, ती इंग्लंडमधील पावणेतीन वर्षे मात्र आपल्या वाचनात क्वचितच येतात.

महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आपल्यासारख्यांना रमाबाई जवळच्या वाटाव्यात, याला आणखी एक कारण आहे. त्यांचा जन्म १८५८ साली आजच्या कर्नाटकातील सह्याद्रीच्या रानात, गंगामूळ येथे झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नीला संस्कृत शिकविले, म्हणून स्वजनांचा रोष ओढवून घेतला होता. आणि त्या माउलीने मुलीला शिकविले. पुराणे सांगत, तीर्थे करीत हे कुटुंब देशभर पायी फिरले. शाळा नाही, गाव नाही, स्थिर घर नाही. मराठी टिकली ती आईबापांच्या तोंडी जी शुद्ध भाषा होती तिच्यामुळे. १८७४ च्या सुमारास दुष्काळात आईवडील गेले. १८८० मध्ये भाऊ श्रीनिवास गेला. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी विवाह झाला आणि दोनच वर्षांत, १८८२ च्या फेब्रुवारीत, पटकीने तेही गेले. पदरात दहा महिन्यांची मनोरमा होती. त्या पुण्याला आल्या, त्यांनी आर्य महिला समाज स्थापन केला, ‘स्त्रीधर्मनीति’ हे पुस्तक लिहिले. आणि त्या पुस्तकाच्या पैशातून तिकीट काढून १८८३ च्या एप्रिलमध्ये मुंबईहून बोटीवर चढल्या. वैद्यकी शिकावी, हा हेतू होता.

पुण्यात काम करणाऱ्या सेंट मेरी मठाच्या जोगिणींचे मूळ स्थान वाँटेज या लहानशा गावी होते. तेथे रमाबाई उतरल्या. मात्र कोणाचे अन्न फुकट खायचे नाही, हा त्यांचा बाणा होता. हिंदुस्थानात जाऊ इच्छिणाऱ्या जोगिणींना मराठी शिकवायचे आणि त्या मोबदल्यात आपण इंग्रजी शिकायचे, असा करार ठरला. म्हणजे इंग्लंडमध्ये पाऊल टाकले तेव्हापासूनच त्या शिष्याही होत्या आणि गुरूही.

धर्म बदलण्याचा त्यांचा विचार नव्हता; निघताना तसे त्यांनी सांगितलेही होते. पण लंडनच्या फुलहॅम भागात या जोगिणींनी चालविलेला आश्रम त्यांनी पाहिला. ज्या स्त्रियांना समाजाने पतित म्हणून टाकून दिले होते, त्यांची तेथे मायेने सेवा होत होती. आपल्या शास्त्रांत अशा स्त्रीविषयी करुणेचा शब्द त्यांना आढळला नव्हता. ही करुणा येते कोठून, असे त्यांनी विचारले. तेव्हा येशू आणि शोमरोनी स्त्री यांची कथा त्यांना वाचून दाखविण्यात आली. १८८३ च्या २९ सप्टेंबरला रमाबाईंनी मुलीसह बाप्तिस्मा घेतला. मनोरमा तेव्हा अडीच वर्षांची होती. सोबत आलेल्या आनंदीबाई भगत यांनी त्याच वर्षी इंग्लंडमध्ये आत्महत्या केली. त्या आघाताने रमाबाई पार हादरून गेल्या होत्या. परक्या देशातील पहिले वर्ष असे गेले.

पुढे ऐकू कमी येत असल्यामुळे वैद्यकीचा मार्ग बंद झाला. मग शिक्षिका व्हावे, असे ठरले आणि १८८४ मध्ये त्या चेल्टनहॅमला आल्या. तेथील प्राचार्या डॉरोथिया बील या इंग्लंडमधील स्त्रीशिक्षणाच्या अग्रणींपैकी एक होत्या. रमाबाईंच्या जन्माच्या वर्षीच त्यांनी या शाळेची सूत्रे हाती घेतली होती. या बाईची बुद्धी सामान्य नाही, हे त्यांनी ताबडतोब ओळखले. रमाबाईंना नीट शिकवून प्राध्यापिका करावे, स्वतःच्या पायावर उभे करावे, असे त्यांच्या मनात होते.

येथून खरा संघर्ष सुरू झाला. बाप्तिस्म्याने रमाबाईंचे प्रश्न संपले नव्हते, उलट ते वाढले होते. आईजवळ बसून संस्कृत पाठ केलेली आणि सभांतून शास्त्र्यांशी वाद केलेली ही स्त्री बायबलही तसेच वाचू लागली. त्रैक्याचा सिद्धान्त तिला पटेना. कुमारीच्या उदरी जन्म ही कल्पना पटेना. ख्रिस्ती धर्मातही इतके पंथ पाहून, यांपैकी खरा कोणता आणि तो कोणी ठरवायचा, हा प्रश्न तिला पडला. वाँटेजच्या सिस्टर जेराल्डीन यांना हे सारे भयंकर वाटे. चर्चने जे सांगितले ते विनम्रपणे स्वीकारावे, अशी त्यांची शिकवण. रमाबाईंचे उत्तर थोडक्यात असे होते, की मोठ्या कष्टाने मी एका पुरोहितवर्गाच्या जोखडातून मान सोडवून घेतली आहे. आता दुसऱ्या पुरोहितवर्गाचे जोखड मी आपण होऊन मानेवर घेणार नाही. ईश्वराने मला विवेक दिला आहे, त्याला मी स्वतः उत्तर देईन.

गळ्यात घालावयाच्या क्रूसाचा प्रसंगही असाच आहे. त्यावर लॅटिन अक्षरे कोरलेली असत. रमाबाईंनी विचारले, लॅटिन का? ती माझी भाषा नव्हे आणि माझ्या देशबांधवांना ती समजणारही नाही. प्राचीन भाषेतच अक्षरे हवी असतील, तर ती संस्कृतात असू देत. संस्कृत ही देवांची भाषा आहे, असे आपण मानत नाही, हेही त्यांनी स्पष्ट केले. ती आपल्या जन्मभूमीची प्राचीन आणि सुंदर भाषा आहे, एवढेच कारण त्यांना पुरेसे होते. श्रद्धा नवी असली, तरी तिने आपल्याशी आपल्या वाणीत बोलावे, ही त्यांची मागणी होती. घराबाहेर वेगळी भाषा आणि देवघरात मराठी, असे आयुष्य ज्यांनी काढले आहे, त्यांना या मागणीचा अर्थ वेगळा उलगडून सांगावा लागणार नाही.

बीलबाईंची रीत जेराल्डीनबाईंहून निराळी होती. रमाबाईंच्या शंकांना त्या लांबलचक पत्रांतून युक्तिवादाने उत्तरे देत. हिला आज्ञा देऊन चालणार नाही, तत्त्वज्ञान म्हणून धर्म हिच्यापुढे मांडला पाहिजे, हे त्यांनी जाणले होते. शिक्षकाच्या अंगी असावी ती मोठी गोष्ट त्यांच्याजवळ होती. शिष्येने प्रश्न विचारला म्हणजे गुरूचा अपमान झाला, असे त्यांना वाटत नसे.

परंतु त्यांचेही सर्व काही चालले नाही. रमाबाईंनी पुरुष विद्यार्थ्यांनाही शिकवावे, असा विचार निघाला, तेव्हा मुंबई आणि लाहोर येथील इंग्रज बिशपांनी हरकत घेतली. पुरुषांना शिकविल्यास हिंदुस्थानात या बाईंविषयीचा आदर नाहीसा होईल, असे त्यांचे म्हणणे. रमाबाईंना हसावे की रडावे, ते कळेना. कलकत्त्यापासून पुण्यापर्यंत त्यांनी पुरुषांनी भरलेल्या सभांत व्याख्याने दिली होती. कलकत्त्याच्या पंडितांनी त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हटले होते. आईने आणि मुलीने तरुणांना शिकविले, तेव्हा वडिलांनी कधी हरकत घेतली नाही. ती हरकत आता सुधारलेल्या म्हणविणाऱ्या देशात घेतली जात होती! तरीही तो बेत सिद्धीस गेला नाही.

आणि सर्वांत नाजूक प्रश्न होता मनोरमेचा. आई चेल्टनहॅमला असताना मुलगी बहुतेक काळ वाँटेजला जोगिणींजवळ असे. ज्या सिद्धान्तांवर माझाच विश्वास बसलेला नाही, ते माझ्या मुलीच्या मनात उतरवू नका, असे रमाबाईंनी बजावले. जोगिणींच्या दृष्टीने पाहिले, तर त्यांचीही अडचण खरी होती. ज्या लेकराचा त्यांनी सांभाळ केला, त्याला आपल्याजवळचे सर्वोत्तम द्यावे, असे त्यांना वाटत होते. आणि त्यांच्या लेखी सर्वोत्तम म्हणजे त्यांची श्रद्धाच. शिवाय त्या कोवळ्या बालिकेला बाप्तिस्मा देताना तिचे मत आईने तरी कोठे विचारले होते? आपल्या विवेकाचा मान राखा म्हणणाऱ्यावर दुसऱ्याच्या विवेकाचे ऋण केव्हा चढते, हे त्यालाही कळत नाही.

हे सारे लिहीत असता रमाबाईंची स्थिती काय होती, हे विसरता कामा नये. जवळ पैसा नाही, माहेर नाही, सासर नाही. मुलगी ज्यांच्या घरी, त्यांच्याशीच वाद. एक शब्द नमता घेतला असता, तर सुखाने राहता आले असते. त्यांनी तो घेतला नाही. आणि तरीसुद्धा ज्या जेराल्डीनबाईंशी त्या इतक्या झगडल्या, त्यांना पत्रांत त्या ‘आजीबाई’ म्हणत. मतभेदाने नाते तुटले पाहिजे, असे त्या मानीत नव्हत्या. दुसऱ्या बाजूचे मनही लहान नव्हते. जिच्यातील पुष्कळ मजकूर आपल्याला टोचणारा होता, ती सारी पत्रे जेराल्डीनबाईंनी जपून ठेवली आणि संकलित केली. अ. भि. शहा यांनी संपादित केल्यावर १९७७ साली ती मुंबईत ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. त्यांच्यामुळेच हा वाद आज आपल्याला दोन्ही बाजूंनी वाचता येतो.

१८८६ च्या फेब्रुवारीत रमाबाई अमेरिकेला निघाल्या. आनंदीबाई जोशी ११ मार्चला फिलाडेल्फिया येथे डॉक्टर होणार होत्या आणि त्या समारंभाला त्यांना हजर राहायचे होते. तेथे त्यांनी बालशिक्षणाच्या फ्रबेलपद्धतीचा अभ्यास केला, व्याख्याने दिली, निधी उभारला आणि बरोबर तीन वर्षांनी, १८८९ च्या ११ मार्चला, मुंबईत विधवांसाठी शारदा सदन उघडले. तेथे कोणी कोणाचा धर्म बदलवू नये आणि ज्या मुलीची जी श्रद्धा असेल ती तिने मोकळेपणी पाळावी, असा नियम होता. तो नियम चेल्टनहॅममध्ये सोसलेल्या वादांतून आला असावा, असे मानायला जागा आहे. सदनाच्या पहिल्या विद्यार्थिनींपैकी एक असलेल्या गोदूबाई तेथे राहून हिंदूच राहिल्या आणि १८९३ मध्ये धोंडो केशव कर्वे यांच्याशी विवाहबद्ध झाल्या. परंतु त्याच वर्षी, रमाबाईंच्या प्रार्थनेला काही मुली जाऊन बसतात, यावरून पुण्यात वादळ उठले. पालकांनी मुली काढून नेल्या. रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. दार उघडे ठेवले की मुलगी आत येणार. मग ते निमंत्रण म्हणायचे की स्वातंत्र्य? वाँटेजच्या जोगिणींना रमाबाईंनी जो प्रश्न टाकला होता, तोच आता पुणेकरांनी त्यांना टाकला. त्याचे सर्वांना पटेल असे उत्तर त्यांनाही देता आले नाही.

त्यांच्या श्रद्धेचा प्रवास चेल्टनहॅमपाशी थांबला नाही. मन पूर्ण निवले ते १८९१ च्या सुमारास, असे त्यांनी स्वतःच पुढे लिहून ठेवले आहे. आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत केडगावला बसून त्यांनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून संपूर्ण बायबल सोप्या मराठीत आणले. १९२१ मध्ये मनोरमा गेली, १९२२ च्या एप्रिलमध्ये रमाबाई गेल्या आणि १९२४ मध्ये तो ग्रंथ बाहेर पडला. चेल्टनहॅमच्या बाकावर बसून गिरवलेली ग्रीक अक्षरे जवळजवळ चाळीस वर्षांनी अशी फळाला आली. क्रूसावर लॅटिन नको म्हणणाऱ्या विद्यार्थिनीने अखेर आपले सगळे धर्मपुस्तकच आपल्या बोलीत लिहून काढले.

आज आपल्या घरोघरची मुले शिकायला परदेशी जातात. तेथे काय खातात, देवापुढे हात जोडतात की नाही, याची काळजी आईवडील करतात आणि ती स्वाभाविक आहे. रमाबाईंची कहाणी वाचली म्हणजे वाटते, की मुलाने काय सोडले आणि काय धरले, यापेक्षा ते त्याने स्वतः विचार करून केले काय, हे अधिक आस्थेने विचारावे. आणि उत्तर आपल्या मनाजोगते आले नाही, तरी त्याला पत्र लिहिणे थांबवू नये.