क्वचित छपाई करणाऱ्या घराने प्रिंटर कोणता घ्यावा? जपानमधील पर्यायांचा हिशेब

टोकियोच्या एदोगावा विभागातील निशी-कासाई परिसरात भारतीय कुटुंबे मोठ्या संख्येने राहतात. तेथील एखाद्या मराठी घरात प्रिंटरची आठवण वर्षातून मोजक्याच वेळा होते. कधी पारपत्राच्या नूतनीकरणाचा अर्ज असतो, कधी भारतात पाठवायचे मुखत्यारपत्र, कधी मुलांच्या शाळेचा एखादा तक्ता. आणि नेमके कुदानशिता येथील भारतीय दूतावासात जाण्याच्या आदल्या रात्री, सहा महिने कोपऱ्यात पडून असलेले यंत्र कागदावर दोन पुसट रेघा ओढून थांबते. टाकीत शाई असते, पण ती छिद्राच्या तोंडाशी वाळलेली असते.

प्रिंटर घेताना सामान्यतः किंमत, वेग आणि पानामागचा खर्च पाहिला जातो. क्वचित छपाई करणाऱ्या घराने मात्र आधी वेगळाच प्रश्न विचारावा: महिनोन्‌महिने बंद असताना या यंत्राचे काय होते?

शाई का वाळते?

इंकजेट तंत्राच्या विकासात जपानचा वाटा मोठा आहे. नागानो प्रांतातील सुवा येथील एप्सन कंपनीच्या यंत्रांत विजेच्या स्पंदाने आकसणारा स्फटिक शाईचा थेंब बाहेर ढकलतो, तर कॅनॉनच्या यंत्रांत उष्णतेने तयार झालेला बुडबुडा हेच काम करतो. दोन्हींत शाई केसाहून बारीक छिद्रांतून येते. यंत्र पडून राहिले, की शाईतील द्रव उडून जातो आणि छिद्र बुजते. टोकियोचा कोरडा हिवाळा आणि खोलीतील हीटर यांत भरच घालतात.

बुजलेली छिद्रे मोकळी करण्यासाठी यंत्र ‘सफाई’ करते. त्यात खर्च होणारी शाई कागदावर न उमटता यंत्राच्या तळाशी असलेल्या शोषक गादीत जाते. त्यामुळे वर्षात वीस पाने छापणाऱ्या घरातही काडतुसे बदलावी लागतात. भारतात लोकप्रिय झालेले मोठ्या शाईटाकीचे प्रिंटर महिन्याला शेकडो पाने छापणाऱ्यांना परवडतात. क्वचित वापरात ती स्वस्त शाई तशीच पडून राहते.

रंगीत छपाईसाठी इंकजेटच हवा असल्यास दोन गोष्टी पाळाव्यात. ज्याच्या काडतुसातच छपाईचे शीर्ष असते, असा नमुना निवडावा. काडतूस बदलले की शीर्षही नवे मिळते. दुसरे असे, की भिंतीवरचे बटण बंद करण्याची आपली जुनी सवय येथे नडते. यंत्र स्वतःच्या बटणाने बंद केल्यास शीर्ष जागेवर जाऊन झाकले जाते. छपाईनंतर वीज थेट तोडली तर ते उघडे राहू शकते. आठवड्या-पंधरवड्याने एक रंगीत पान छापणे हा साधा उपाय आहे.

लेझर: न वाळणारी भुकटी

लेझर प्रिंटरमध्ये शाई नसतेच. टोनर ही कोरडी भुकटी उष्णतेने कागदावर चिकटवली जाते. त्यामुळे सहा महिन्यांनंतरचे पहिले पानही स्वच्छ उमटते. केवळ अर्ज, करार आणि दाखले छापणाऱ्या घरासाठी एकरंगी लेझर सर्वांत निर्धास्त होय. मात्र तो जड असतो, लहान सदनिकेत जागा अडवतो आणि छायाचित्रांसाठी निरुपयोगी ठरतो. जून-जुलैच्या दमट त्सुयू ऋतूत कागद बंद पिशवीत ठेवावा. ओलसर कागद वळतो आणि अडकतो.

कोपऱ्यावरची कोनबिनी

जपानमध्ये तिसरा पर्यायही आहे. सेव्हन-इलेव्हन, लॉसन आणि फॅमिलीमार्ट या दुकानांतील बहुपयोगी यंत्रांवर मोबाइलमधून किंवा यूएसबीवरून कागदपत्रे छापता येतात. ए-४ आकाराच्या एकरंगी पानाला साधारण २० येन पडतात. ‘माय नंबर’ कार्ड असल्यास बहुतेक नगरपालिकांचा रहिवासाचा दाखलाही तेथेच मिळतो.

हिशेब मांडून पाहावा. साध्या एकरंगी लेझरची किंमत १८,००० येन आणि घरच्या पानाचा खर्च ५ येन धरला, तर कोनबिनीच्या तुलनेत पानामागे १५ येन वाचतात. म्हणजे यंत्राची किंमत वसूल होण्यास १,२०० पाने लागतात. वर्षाला १०० पाने छापणाऱ्या घराला त्यासाठी बारा वर्षे लागतील. इतका काळ एकाच घरात, किंवा एकाच देशात, राहण्याची खात्री किती जणांना असते?

अर्थात सर्व काही पैशांत मोजता येत नाही. पगारपत्रक किंवा वैद्यकीय अहवाल बाहेरच्या यंत्रावर छापणे अनेकांना रुचत नाही. ते करावेच लागल्यास फाइलला सांकेतिक शब्द लावावा आणि मूळ कागद काचेवर विसरू नये. घरात तान्हे मूल असेल किंवा दुकान लांब असेल, तर स्वतःचा प्रिंटर असणे हीच सोय ठरते.

निरोपाचा खर्च

जपानमध्ये घरगुती वीज १०० व्होल्टची, तर भारतात २३० व्होल्टची. यंत्रामागील पट्टीवर केवळ १०० व्होल्ट लिहिले असेल, तर ते थेट भारतातील जोडणीला लावू नये. जपानी नमुन्याची काडतुसे भारतात मिळणेही कठीण. येथेच टाकायचे झाल्यास टोकियोच्या विशेष विभागांत ३० सेंटिमीटरहून मोठी वस्तू सहसा ‘सोदाई गोमी’, म्हणजे अवजड कचरा ठरते. त्यासाठी आगाऊ नोंदणी आणि शुल्क आवश्यक असते. रिकाम्या काडतुसांसाठी मात्र २००८ पासून उत्पादकांनी काही टपाल कार्यालयांत पेट्या ठेवल्या आहेत. त्या उपक्रमाच्या नावात ‘सातोगाएरी’ हा शब्द आहे. त्याचा अर्थ माहेरी जाणे.

तेव्हा वर्षाला शंभराच्या आत पाने छापणाऱ्याने कोनबिनीवर विसंबावे. घरी छपाई आवश्यकच असेल तर एकरंगी लेझर घ्यावा. आणि रंगांची गरज नियमित असेल तरच इंकजेटकडे वळावे. निर्णय कोणताही असो, दूतावासात जाण्याच्या दोन दिवस आधी एक पान छापून पाहावे.