फळी उंच झाली नव्हती

१९८५ च्या सुमाराला आजीने मिठाची बरणी वरच्या फळीवरून खालच्या फळीवर आणली. "हात पुरत नाही गं," एवढंच म्हणाली. मग लुगडं पायात यायला लागलं, पाठीला बाक आला. वय झालं की माणूस वाकायचंच, असं घरात सगळे म्हणायचे, आजीसकट. कळशी उचलताना एकदा पाठीत उसण भरली म्हणून आठवडाभर पडून होती. शेक दिला, मलम चोळलं. मणका दबून मोडला असणार, हे आज कळतं. पुढे मोरीत पाय घसरला, खुब्याचं हाड मोडलं आणि ती अंथरुणावरून उठली नाही.

पाळी गेल्यावर हाडं ठिसूळ का होतात, याचा धागा अमेरिकेतल्या फुलर ऑल्ब्राइट यांना १९४० च्या आसपासच सापडला होता. पण हाडांची घनता मोजणारं डेक्सा यंत्र आलं १९८७ साली, आणि त्या मोजणीचा आकडा, म्हणजे टी-स्कोअर, उणे २.५ किंवा त्याखाली म्हणजे ऑस्टिओपोरोसिस, ही रेघ जागतिक आरोग्य संघटनेने आखली १९९४ मध्ये. आजीच्या वेळी हे नव्हतं, असं म्हणून सुटता येतं.

आईच्या बाबतीत तीही सोय नाही. २००६ मध्ये ती अंगणात नुसती अडखळून पडली, मनगट मोडलं. प्लास्टर झालं, निघालं. उभ्या उंचीवरून पडून हाड मोडतं कसं, हे कुणी विचारलं नाही, मीही नाही. तीन वर्षांनी डेक्सा केली तेव्हा आकडा उणे २.९ निघाला. मग आठवड्याची गोळी: दर रविवारी उपाशीपोटी, पेलाभर पाण्याबरोबर, नंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही. चहा लांबतो, एवढीच तिची तक्रार.

आजीच्या माहेरी रोज नाचणीची भाकरी असायची. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम. शहरात आल्यावर ती गरिबाघरची म्हणून आम्हीच सोडली. आता तिचीच बिस्किटं महाग घेतो. ऊनही गेलं, चालणंही.

मी साठीची झाले. दाराच्या चौकटीवर पेन्सिलीने माझी उंची लिहून ठेवली आहे, दर दिवाळीला पाठ टेकवून बघते. तुम्हीही खूण करा. तरुणपणापेक्षा चार सेंटिमीटर कमी भरलात, तर मलम चोळत बसू नका, डॉक्टरांकडे जा.