क्लच घसरतोय? आधी केबल पाहा
चढावर मोटरसायकलचा ॲक्सिलरेटर पिळला की इंजिन ओरडते, पण गाडी वेग घेत नाही. क्लच घसरल्याची ही खूण वरच्या गिअरमध्ये आधी दिसते. लगेच प्लेटा बदलणे मात्र घाईचे. केबलवर चालणाऱ्या बहुतेक क्लचना लिव्हरच्या टोकाशी 10 ते 20 मिमी मोकळी हालचाल लागते. केबल ताणलेली राहिली तर प्लेटा पूर्ण आवळल्याच जात नाहीत. मग ऑइल. बहुतेक मोटरसायकलींत प्लेटा इंजिन ऑइलमध्येच भिजतात, म्हणून घर्षण घटवणारे कारचे ऑइल इथे नडते. डब्यावर ‘जासो एमए’ हे मानक लिहिलेले हवे. प्लेटा झिजतातच की, असे कोणी म्हणेल. खरे आहे, पण केबल सैल करणे जवळपास फुकट आहे. तरीही क्लच घसरला, तर झाकण उघडून प्लेटांची जाडी आणि स्प्रिंगांची लांबीही मोजावी.