नाव बदललं आहे!

नांदेडच्या एका निवडणुकीने ‘पेड न्यूज’ हा शब्द घराघरात नेला. ती स्टोरी करणाऱ्या पत्रकाराने पुरावे चव्हाट्यावर मांडले, पण सोर्सचं नाव मात्र पोटात ठेवलं. हे जमतं कसं?

ऑक्टोबर २००९. महाराष्ट्रात विधानसभेची धामधूम. एका नावाजलेल्या दैनिकात नियमित लिहिणाऱ्या लेखकाचा साप्ताहिक कॉलम अचानक गायब! संपादक बिचारा सज्जन. त्याने माफी मागितली आणि खरं कारण सांगून टाकलं. १३ ऑक्टोबरपर्यंत, म्हणजे मतदानाच्या दिवसापर्यंत, पेपरातली सगळी पानं विकली गेलीत. तुमचा कॉलम त्यानंतर.

हा किस्सा पी. साईनाथ यांनी २६ ऑक्टोबर २००९ ला ‘द हिंदू’त लिहिला. लेखकाचं नाव दिलं, पण कंसात लगेच खुलासा: नाव बदललं आहे. संपादकाचं नाव नाही, पेपरचंही नाही. का? उघड आहे. नाव छापलं असतं तर एकाचा कॉलम कायमचा गेला असता आणि दुसऱ्याची नोकरी.

पण मग वाचकाने विश्वास कशावर ठेवायचा? या प्रश्नाचं उत्तर महिन्याभरात नांदेडहून आलं.

रद्दीतले साक्षीदार

तेव्हाचे मुख्यमंत्री अशोक चव्हाण नांदेड जिल्ह्यातल्या भोकरमधून निवडून आले होते. निवडणुकीच्या काळात मोठ्या मराठी दैनिकांत त्यांचं कौतुक करणारी पानंच्या पानं छापून आली. ‘द हिंदू’ने अशी ४७ पूर्ण पानं जमवली. त्यातली गंमत पाहा. एकमेकांचे कट्टर स्पर्धक असलेल्या पेपरांत एकच मजकूर, शब्दन् शब्द तोच! कुठेही ‘जाहिरात’ असा उल्लेख नाही.

आणि चव्हाणांनी सादर केलेला निवडणूक खर्च? वर्तमानपत्रांतल्या जाहिरातींवर ५,३७९ रुपये. केबल टीव्हीवर ६,००० रुपये. बस्स.

आता सांगा, या बातमीतला सोर्स कोण? घरोघरी पडणारी रद्दी आणि सरकारदरबारी दाखल झालेला एक हिशेब. उमेदवाराचा खर्चाचा हिशेब नियमाप्रमाणे कुणालाही पाहता येतो. फी किती? एक रुपया! इथे ‘तुम्हाला हे कोणी सांगितलं?’ असं विचारण्यात अर्थच उरत नाही.

हाच तो फंडा. टीप माणूस देतो, पण बातमी कागदावर उभी करायची. कागद जितका भक्कम, तितका माणूस सुरक्षित.

हे एका रात्रीत जमत नाही, बॉस. साईनाथ १९८० मध्ये यूएनआय या वृत्तसंस्थेत लागले. मग ‘ब्लिट्झ’मध्ये उपसंपादक. १९९३ मध्ये ती खुर्ची सोडून फेलोशिपवर देशातल्या गरीब जिल्ह्यांत फिरायला निघाले. त्या ८४ रिपोर्ताजमधून १९९६ चं गाजलेलं पुस्तक आलं. २००७ मध्ये मॅगसेसे पुरस्कार. म्हणजे नांदेडची स्टोरी केली तेव्हा जवळपास तीस वर्षांचा अनुभव गाठीशी होता.

गावात सगळ्यांना सगळं कळतं

मुंबई-पुण्यात सोर्सला भेटायला कॅफे छप्पन्न. लातूरच्या गंजगोलाईत किंवा नांदेडच्या वजिराबादेत एखाद्या क्लार्कसोबत चहा घेऊन बघा. संध्याकाळपर्यंत त्याच्या सासुरवाडीला खबर! फाइल तीन टेबलांवरून गेली असेल तर संशयितही तीनच. झेरॉक्सवरची एखादी टिकमार्क, हाताने लिहिलेला आवक क्रमांक, एवढंही पुरतं. नाव छापलं नाही म्हणून माणूस वाचलाच असं नाही.

आणि कायदा? अर्धवट. १९७८ च्या प्रेस कौन्सिल कायद्यानुसार कौन्सिल पत्रकाराला सोर्स सांगायची सक्ती करू शकत नाही. पण कोर्टासमोर ही ढाल चालत नाही. विधी आयोगाने १९८३ मध्ये पुराव्याच्या कायद्यात तशी तरतूद सुचवली होती. ती झाली नाही. १ जुलै २०२४ ला नवा साक्ष अधिनियम लागू झाला, त्यातही ती नाही. महाराष्ट्राचा २०१७ चा कायदा पत्रकारांवरच्या हल्ल्यांबद्दल आहे, सोर्सबद्दल नाही. दिलासा एवढाच, की पेगासस प्रकरणात २७ ऑक्टोबर २०२१ ला सुप्रीम कोर्टाने सोर्सचं संरक्षण ही वृत्तपत्र स्वातंत्र्याची मूलभूत अट आहे, असं म्हटलं.

तुमच्या हाती फाइल आली तर?

उद्या तुमच्याच ऑफिसात काही गडबड दिसली तर सोर्स तुम्हीही होऊ शकता. तेव्हा एवढं पाळा. ऑफिसचा मेल, ऑफिसचा फोन आणि ऑफिसचा प्रिंटर नको, तिन्हीकडे नोंद राहते. मोबाइलने काढलेल्या फोटोत तारीख-वेळ दडलेली असते. बोलण्याआधी ठरवून घ्या: नाव छापायचं नाही, की बोललेलंच छापायचं नाही? दोन्ही वेगळं. आणि तोच कागद माहितीच्या अधिकारात मिळत असेल तर आधी तो रस्ता पकडायला सांगा.

दोन प्रकारची गुप्तता

नांदेडचं पुढे काय झालं? चव्हाणांनी आरोप फेटाळले. हरलेले उमेदवार माधवराव किन्हाळकर निवडणूक आयोगाकडे गेले. मे २०१४ मध्ये सुप्रीम कोर्टाने आयोगाला हिशेब तपासायचा अधिकार आहे, असा निकाल दिला. जुलैत आयोगाने चव्हाणांना नोटीस काढायचा आदेश दिला. सप्टेंबरमध्ये दिल्ली हायकोर्टाने तो रद्द केला. 

पण एक धडा राहिला. पेड न्यूजवर प्रेस कौन्सिलच्या दोन सदस्यांच्या उपसमितीने २०१० मध्ये ७१ पानी अहवाल लिहिला. त्यात पेपरांची नावं होती. कौन्सिलने ती गाळून छोटा अहवाल काढला. मूळ अहवाल अधिकृतपणे लोकांसमोर यायला केंद्रीय माहिती आयोगाचा आदेश लागला, तोही २०११ मध्ये.

नाव तिथेही झाकलं आणि इथेही. फरक एवढाच, की इथे ज्याची नोकरी जाणार होती त्याचं झाकलं, आणि तिथे ज्यांना जाब विचारायचा होता त्यांचं. पुढच्या वेळी ‘नाव न सांगण्याच्या अटीवर’ असं वाचलंत, की एवढंच विचारा: हे नाव नेमकं कुणाला वाचवण्यासाठी झाकलंय?