कॅमेऱ्याचा पट्टा आणि ट्रायपॉडची प्लेट
कॅमेऱ्याच्या तळाला आट्यांचे एकच भोक असते. त्याचा व्यास पाव इंच, म्हणजे 6.35 मिमी, आणि एका इंचात 20 आटे. आयएसओ 1222 या मानकात हे माप नोंदलेले आहे, म्हणूनच कोणत्याही कंपनीचा कॅमेरा कोणत्याही ट्रायपॉडवर चढतो. हे भोक ट्रायपॉडसाठी, आणि पट्ट्यासाठी कॅमेऱ्याच्या दोन्ही खांद्यांवरच्या कड्या, अशी मूळची वाटणी. तिरप्या पट्ट्यांनी ती मोडली. ब्लॅकरॅपिडसारख्या कंपन्यांनी रुळवलेला हा पट्टा एका खांद्यावरून छातीवर आडवा येतो आणि कॅमेरा कमरेशी उलटा लटकतो. मानेवरचा भार जातो, कॅमेरा झटकन डोळ्याशी येतो. पण पट्ट्याचा स्क्रू थेट तळाच्या भोकात बसतो आणि त्याच भोकात बसणाऱ्या ट्रायपॉडच्या प्लेटला जागाच उरत नाही.

आज सर्वाधिक चालणारी प्लेट आर्का-स्विस पद्धतीची. तिच्या दोन समोरासमोरच्या कडा तिरप्या कापलेल्या असतात, रुंदी सुमारे 38 मिमी, आणि ट्रायपॉडच्या डोक्यावरच्या क्लॅम्पचे जबडे त्या कडांना आवळून धरतात. हे अधिकृत मानक नव्हे, केवळ रूढ झालेले माप. त्यामुळे कंपनीगणिक किंचित फरक पडतो. नॉब फिरवून आवळायचा क्लॅम्प हा फरक सांभाळून घेतो. खटक्याचा क्लॅम्प मात्र ठरावीक रुंदीला लावलेला असतो, त्यात परकी प्लेट सैल राहू शकते. मॅनफ्रोटोची आरसी2 ही निराळ्याच घडणीची प्लेट आर्काच्या क्लॅम्पमध्ये बसत नाही.

पट्टा आणि प्लेट एकत्र नांदवण्याचा सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे घडीच्या कडीचा स्क्रू. प्लेट घट्ट करायची तीच कडी, तिच्यातच पट्ट्याचा हुक अडकवायचा. उपाय सोपा आहे, पण भरवशाचा नाही. ट्रायपॉडवर कॅमेऱ्याचे वजन प्लेटवर दाबले जाते; लटकवल्यावर तेच वजन स्क्रूला ओढते. चालताना कॅमेरा झुलतो, वळतो आणि प्रत्येक हेलकाव्यात कडी स्क्रूला थोडा पीळ देते. स्क्रू एक पूर्ण फेरा उलटा फिरला की 1.27 मिमी बाहेर येतो, आणि आत गेलेले आटे मुळात मोजकेच असतात. शिवाय हुक अडकलेला असताना कडी मिटत नाही, म्हणून क्लॅम्पमध्ये बसवण्यापूर्वी पट्टा काढावाच लागतो.

त्यापेक्षा पट्ट्याचे टोक स्क्रूऐवजी प्लेटला जोडणे बरे. काही प्लेटांची एक कड क्लॅम्पच्या बाहेर येते आणि तिथे पट्टा ओवायला खाच असते. पीक डिझाइनच्या चौकोनी प्लेटच्या कोपऱ्यांना भोके आहेत. त्यांत बारीक दोरीचा फास ओवायचा, फासाच्या टोकाची चकती पट्ट्याच्या खोबणीत सरकवायची. अंगठ्याने दाबून सरकवली की ती सुटते. एक टोक खांद्याच्या कडीला आणि दुसरे प्लेटला लावले की भार दोन ठिकाणी वाटला जातो आणि एक जोड सुटला तरी कॅमेरा जमिनीवर पडत नाही. मधल्या वजनाच्या कॅमेऱ्याला ही मांडणी सर्वांत योग्य. दोरी मात्र झिजते. कडीच्या धारेवर तिचे तंतू विसविशीत दिसू लागले की ती बदलावीच.

दुसरी चांगली पद्धत बंदुकीच्या पट्ट्यांवरून आली. एल-ब्रॅकेटच्या (काटकोनी प्लेटच्या) किंवा साध्या प्लेटच्या कडेला गोल खोबण असते, पट्ट्याच्या टोकाला बटणाची खिट्टी. बटण दाबले की खिट्टीतल्या पोलादी गोळ्या आत जातात, सोडले की खोबणीच्या आतल्या खाचेत अडकतात. क्लॅम्पच्या जबड्यांना याची आडकाठी होत नाही.

जड टेलिफोटो लेन्स असेल तर पट्टा कॅमेऱ्याला लावूच नये. लेन्सच्या ट्रायपॉड कॉलरला स्वतःचा पाय असतो. प्लेट तिथे, पट्टाही तिथे. नाहीतर सगळे वजन कॅमेऱ्याच्या माउंटवर येते.

प्लेट बसवताना तिची उभी कड कॅमेऱ्याच्या पाठीला टेकलेली हवी, म्हणजे ती फिरत नाही. स्क्रू नाण्याने नव्हे, अ‍ॅलन कीने आवळावा. प्लेटच्या टोकांना खालून लहान स्क्रू असतात. जबडे थोडे सैल झाले तरी प्लेट घसरून बाहेर पडू नये म्हणून ते असतात, अडचण वाटते म्हणून काढू नयेत. बॅटरीचे झाकण उघडते ना, हेही आधीच पाहावे. खांद्याच्या कडीत साधा पट्टा ओवताना शेपूट बकलमधून परत आणून आतल्या बाजूला दाबावे आणि किमान पाच-सहा सेंटिमीटर लांब ठेवावे, नाहीतर नायलॉन हळूहळू सरकत जातो.

पट्टा सहज सुटणारा असण्याचा खरा उपयोग ट्रायपॉडवर कळतो. वाऱ्यात लोंबता पट्टा फडफडतो, कॅमेऱ्याला हिसके देतो आणि काही सेकंदांच्या एक्स्पोजरमध्ये चित्र हलते. तो काढता येत नसेल तर ट्रायपॉडच्या डोक्याभोवती सैल गुंडाळून ठेवावा. लेन्सच्या रिंगला मात्र त्याचा स्पर्श होऊ देऊ नये.