कसणाऱ्याचा हक्क : अमेरिकेंतील एक धडा

भामरागडीं इंद्रावती, पामुलगौतम व पर्लकोटा या तीन नद्यांचा संगम आहे. त्यांच्या कांठच्या रानांत माडिया लोक पिढ्यान्‌पिढ्या धान पेरीत व मोह, चारोळी, बांबू यांवर निर्वाह करीत आले. परंतु दप्तरीं तें रान सरकारी ठरलें. सातबाऱ्यावर ज्यांचें नांव आहे अशा आमच्या वाचकांस हा प्रश्न परका वाटण्याचा संभव आहे. तो परका कां नाहीं, हें अमेरिकेच्या एका लोकप्रिय अध्यक्षाच्या उदाहरणानें दाखवितों.

अँड्र्यू जॅक्सन हा इ. स. १८२९ ते १८३७ पर्यंत अध्यक्ष होता. बाप त्याच्या जन्मापूर्वींच वारला, आई चौदाव्या वर्षीं गेली. अशा स्थितींतून वर आलेल्या या पुरुषास शेतकऱ्यांनीं व कारागिरांनीं आपला कैवारी मानिलें. राष्ट्रीय पेढीमुळें सत्ता धनिकांच्या हातीं एकवटते म्हणून तिची सनद वाढविण्याचा कायदा त्यानें १८३२ सालीं नाकारला. १८३५ सालीं सरकारी कर्जही फिटलें.

परंतु १८३० च्या मे महिन्यांतील त्याच्या दोन सह्या शेतकऱ्यानें विसरूं नयेत. २८ तारखेची सही मिसिसिपी नदीच्या पूर्वेकडील मूळच्या जमातींस पश्चिमेकडे हलविण्याच्या कायद्यावर झाली. दुसऱ्याच दिवशींची सही सरकारी जमीन विनापरवाना कसणाऱ्या वसाहतवाल्यास १६० एकरांपर्यंत, एकरीं सव्वा डॉलर दरानें, ती विकत घेण्याचा पहिला हक्क देणाऱ्या कायद्यावर होती. कसणाऱ्याचा हक्क एकास मिळाला, दुसऱ्याचा गेला.

त्या जमातींपैकीं चेरोकी लोकांजवळ नांगर, मक्याचीं शेतें, फळबागा, स्वतःची लिपि व वृत्तपत्रही होतें. जॉर्जिया राज्याचे कायदे त्यांच्या भूमींत चालत नाहींत, असा निकाल १८३२ सालीं वरिष्ठ न्यायालयानें दिला. पण त्याप्रमाणें अंमल झाला नाहीं. १८३८ सालीं, पुढील अध्यक्षाच्या कारकीर्दींत, लष्करानें त्यांस हांकून नेलें. सुमारे १६,००० पैकीं ४,००० मेले असा अंदाज आहे. जमातींच्या सोडविलेल्या सुपीक जमिनींवर गुलामांच्या श्रमानें कापसाचे मोठे मळे वाढले.

आमच्याकडेही उठवणीची वेळ जवळ आली होती. इंचमपल्ली व भोपालपट्टनम या धरणांच्या योजनांत माडियांचीं गांवें बुडणार होतीं. १८८४ नव्हे, अगदीं अलीकडची, १९८४ सालची ही गोष्ट. बाबा आमटे यांनीं ‘जंगल बचाव, मानव बचाव’ आंदोलन उभारलें. तीं धरणें झालीं नाहींत.

पुढें २००६ सालीं वनहक्क कायदा झाला. १३ डिसेंबर २००५ पूर्वींपासून वनजमीन कसणाऱ्या आदिवासी कुटुंबास ४ हेक्टरपर्यंत पट्टा मिळूं शकतो. तो वारसांस जातो, विकतां येत नाहीं. म्हणून असा पट्टा विकत घेण्याच्या फंदांत कोणीं पडूं नये. दावा प्रथम ग्रामसभेपुढें येतो व वृद्धांची जबानीही पुरावा धरिली जाते. धानोरा तालुक्यांतील मेंढा (लेखा) गांवानें २००९ सालीं सुमारे १८०० हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळविला, तो ग्रामसभेच्या बळावरच.

चेरोकींजवळ निकाल होता, अंमल करणारा नव्हता. यास्तव शेजाऱ्याचा दावा ग्रामसभेपुढें येईल, तेव्हां आमच्या वाचकांनीं तेथें हजर राहून खरें तें सांगावें. एकाचा हक्क दप्तराच्या जोरावर मोडतो, तेथें दुसऱ्याचा सातबाराही निर्भय राहत नाहीं.